नाव दोघांनी ठेवावे

धरणगावात १३ ऑगस्ट १८९० रोजी बापूजी ठोंबरे यांच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव त्र्यंबक ठेवण्यात आले. पुढे १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या कोवळ्या कवीला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि महाराष्ट्राने ती कायमची स्वीकारली. आज त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव पाठ्यपुस्तकातील कविपरिचयापुरते उरले आहे. निर्झरापाशी आणि फुलराणीपाशी मराठी मुलांना नेणारा कवी ‘बालकवी’च आहे.

एकाच माणसाच्या या दोन नावांत मोठा फरक आहे. दुसरे नाव त्याने गुणांनी मिळवले. पहिले मिळाले तेव्हा त्याच्याजवळ ना गुण होते, ना अवगुण. पाळण्यातले नाव कोणालाही कमवावे लागत नाही आणि ते नाकारताही येत नाही. ज्याच्यावर ते आयुष्यभर राहायचे, त्याला त्या घटकेला बोलता येत नसते. म्हणूनच त्या नावाची सारी जबाबदारी ठेवणाऱ्यांवर येते. ती जबाबदारी आईवडिलांनी दोघांनी मिळून, अर्थ जाणून आणि मुलाकडे पाहून पार पाडावी, ही अपेक्षा वाटते तितकी क्षुल्लक नाही.

जुन्या घरांत हा निर्णय दोघांचा क्वचितच असे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघे. आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव पुढे चालवण्याचा आग्रह असे. कुलदैवताचा मान राखावा लागे. बाराव्या दिवशी पाळणा सजे, बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवीत आणि आत्या कानात नाव सांगे. सोहळा बायकांचा, निर्णय वडीलधाऱ्यांचा. ज्या बाईने नऊ महिने ते ओझे वाहिले, तिला मुलाचे नाव पुष्कळदा इतरांबरोबरच कळत असे. नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यात आणि मुलाचे नाव ठेवायचे ते दुसऱ्याच्या तोंडून, अशी तिची स्थिती होती.

तरीही त्या काळातील नावे निरर्थक होती, असे म्हणता येत नाही. खानदेशातील कोणत्याही खेड्यात जुना हजेरीपट उघडला, तर दगडू, धोंडू, भिका, उखर्डू अशी नावे आढळतील. शहरी माणसाला त्यांचे हसू येते. पण त्यांचा अर्थ समजला की ते हसू मावळावे. एकापाठोपाठ एक मुले दगावत, तेव्हा आईबाप नव्या जिवाला दगड म्हणत, उकिरड्यावरचा म्हणत, भिकेत मागून आणलेला म्हणत. इतक्या हलक्या वस्तूकडे मृत्यूची दृष्टी जाणार नाही, अशी त्यामागची भाबडी आशा असे. त्या ओबडधोबड नावांत माया होती, फक्त ती भीतीने तोंड लपवून बसलेली होती.

सगळीच हलकी नावे मायेपोटी आलेली नव्हती, हेही विसरता येत नाही. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तिरस्कारसूचक असावे, असे मनुस्मृतीनेच सांगून ठेवले आहे. नाव हा माणसाला त्याची पायरी दाखवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे त्या व्यवस्थेने पुरते ओळखले होते. त्याला मिळालेले उत्तरही नावांतूनच आले. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे पाळण्यात आली. ज्यांच्या बापजाद्यांना हलक्या नावांनी हाक मारली जात होती, त्यांनी आपल्या मुलांना हाक मारताना अवघ्या गावाला सभ्य शब्द उच्चारायला लावले.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. जन्मणाऱ्या मुलीच्या बाबतीत आपल्या समाजाने तेवढेही अंतर कित्येकदा राखलेले नाही. मुलींमागून मुलगी झाली की तिला नकुशी म्हणायचे, म्हणजे नको असताना आलेली. हे नुसते टोपणनाव नव्हते. जन्मनोंदीत, शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नपत्रिकेतही ते चढत असे. सातारा जिल्हा परिषदेने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभपूर्वक अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. त्यांतील अनेकींनी आपली नावे आपणच निवडली होती. बारशाच्या दिवशी न मिळालेला मान त्यांना प्रमाणपत्राच्या रूपाने मिळाला. दगडू आणि नकुशी ही दोन्ही नावे वरवर पाहता सारखीच हलकी. पण पहिल्यात ‘हा जगावा’ अशी प्रार्थना आहे आणि दुसऱ्यात ‘ही कशाला आली’ असा प्रश्न. शाळेत रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या शिक्षकाने तो प्रश्न त्या मुलीला मोठ्याने विचारावा आणि तिने ‘हजर’ म्हणून त्याचे उत्तर द्यावे, याहून क्रूर दिनक्रम कोणता?

साताऱ्याकडे बोट दाखवून खानदेशाला नामानिराळे राहता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात नऊशेच्या खाली होती आणि जळगाव जिल्ह्यात ती साडेआठशेपर्यंतही पोहोचली नव्हती. नकुशी नाव ठेवण्यासाठी निदान मुलगी जन्माला तरी यावी लागते. इथे कित्येकींचा प्रश्न नावापर्यंत गेलाच नाही.

ज्या जळगाव जिल्ह्यात हे घडले, त्याच जिल्ह्यात मुक्ताईचे समाधिस्थळ आहे. एदलाबाद या तालुक्याच्या गावाला आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणतात. आईवडिलांनी अर्थपूर्ण नावे ठेवण्याचे मराठी परंपरेतील सर्वांत उजळ उदाहरण शोधायचे, तर या मुलीच्या घराकडेच जावे लागते. विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून त्यांना आणि रुक्मिणीबाईंना समाजाने वाळीत टाकले. त्यांच्या मुलांना लोक ‘संन्याशाची पोरे’ म्हणत. जगाने ठेवलेले नाव हे होते. आईबापांनी ठेवलेली नावे मात्र निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी होती. विरक्ती, ज्ञान, वर नेणारी पायरी आणि अखेरीस मुक्ती! चार मुलांच्या नावांत त्या जोडप्याने एक अख्खी जीवनदृष्टी ओवली. ज्यांना कोणी घरात घेत नव्हते, त्यांनी मुलांना देण्याजोगी एवढीच इस्टेट होती आणि ती त्यांनी हात आखडता न घेता दिली.

त्यातही एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चौथे अपत्य मुलगी होती. हालअपेष्टांच्या दिवसांत आलेले हे आणखी एक खाणारे तोंड. पण या क्रमाचे शिखर तिला मिळाले. निवृत्तीने आरंभ झालेली ती माळ मुक्तेपाशी पुरी होते. तिच्यावाचून पहिल्या तिन्ही नावांना शेवट राहत नाही. सातशे वर्षांपूर्वी बहिष्कृत जोडप्याला जे सुचले, ते शिकल्यासवरलेल्या, पगारदार घरांना सुचू नये, हा प्रश्न मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

आता दिवस पालटले आहेत. बऱ्याच घरांत नाव ठरवण्याचा अधिकार नवराबायकोकडे आला आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु अधिकार आला आणि विचार गेला, असे होऊ लागले आहे. मोबाइलवर याद्या मिळतात. त्यांत नावापुढे अर्थही दिलेला असतो आणि तो कोणी तपासत नाही. ‘रेयांश’मध्ये अंश आहे, पण तो कशाचा, हे संस्कृत कोश सांगत नाही. आईच्या नावाची दोन अक्षरे आणि वडिलांच्या नावाचे एक जोडून नवीन शब्द तयार होतो. त्यात दोघांचे प्रेम असेलही, पण मुलाने कोणी अर्थ विचारल्यावर काय सांगावे? गावात दुसऱ्या कोणाचे नसावे, हीच नावाची एकमेव कसोटी झाली आहे. मग ते नाव आजीच्या जिभेवर बसत नाही आणि अहिराणी बोलणाऱ्या घरात त्याची चार दिवसांत मोडतोड होते.

लिहिण्यातील हयगयही अर्थाला मारक ठरते. दिनेश म्हणजे दिवसाचा स्वामी, सूर्य. दीनेश म्हणजे दीनांचा स्वामी. नीरज म्हणजे कमळ. निरज लिहिले की तो अर्थ हरवतो. ऱ्हस्वदीर्घाच्या एका फटकाऱ्याने नोंदवहीत माणूस बदलतो. जन्मनोंद नावाशिवाय करता येते. वर्षभरात नाव विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येते. ही सवलत विचारासाठी दिलेली आहे, आळसासाठी नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी वा पुढे जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखलाच मूळ पुरावा ठरतो. त्यामुळे कारकुनाच्या टेबलाशी उभे राहून घाईत सांगितलेले नाव पुढे फार महाग पडू शकते.

दोघांनी ठरवायचे तर मतभेद होणारच, आणि त्यापेक्षा एकाने ठरवलेले बरे, असा आक्षेप कोणी घेईल. मतभेद कोठवर जाऊ शकतात, याचे उदाहरणही आहे. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयापुढे अशा एका मुलीचे प्रकरण आले, जिच्या विभक्त आईवडिलांचे नावावर एकमत होईना. जन्मदाखल्यावर नाव नाही, म्हणून शाळेची अडचण. शेवटी न्यायालयाने मुलीचे हित पाहून स्वतःच नाव ठरवले. पण या प्रकरणावरून एकाधिकाराचे समर्थन होत नाही. उलट संसारातील मोठ्या निर्णयांची सवय जोडप्याला लागावी, तर आरंभ याच निर्णयापासून व्हायला हवा. दोघांना मान्य असे एक नाव ज्यांना शोधता येते, त्यांना पुढे शाळा, शिक्षण आणि विवाह यांबद्दलही एकमेकांचे ऐकण्याची वाट सापडते. कायद्यानेही त्या दिशेने पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्राने ठरवून दिला आहे. आईचे नाव कागदावर आले. तिचे मत घरात यायचे काम कायद्याचे नाही.

तेच मुलीच्या पुढील आयुष्याबद्दल. बालकवी ज्यांच्या घरी नगरला मुलासारखे राहिले, त्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना आणि डॉ. आनंदीबाई जोशीही यमुनाच. त्या स्त्रियांनी नवी नावे थोर केली, हे त्यांचे कर्तृत्व. पण आईबापांनी विचारपूर्वक ठेवलेले नाव तांदळाच्या ताटात अंगठीने पुसून टाकण्याची प्रथा त्यामुळे योग्य ठरत नाही. मुलीचे नाव काळजीने निवडणाऱ्या घरांनी सुनेचे नाव बदलण्याचा हट्ट धरू नये.

नावात काय आहे, असे विचारणारे नेहमीच भेटतात. दगडू नावाची माणसे कर्तबगार निघाली आणि प्रताप नावाची माणसे आयुष्यभर भित्री राहिली, हे खरेच आहे. नाव म्हणजे भविष्य नव्हे. पण अर्थपूर्ण नाव हे मुलावर घातलेले बंधन नसून आईबापांनी दिलेले वचन आहे, हे ध्यानात घेतले की हा आक्षेप गळून पडतो. मुलीचे नाव मुक्ता ठेवायचे आणि तिला दहावीनंतर घरी बसवायचे, मुलाचे नाव विवेक ठेवायचे आणि त्याला मारून शिकवायचे, यात वचनभंग मुलाचा नाही. नावाला जागायचे असते ते ठेवणाऱ्यांनी.

म्हणून दोघांनी बाळ येण्यापूर्वीच बसावे. मुलाचे आणि मुलीचे, दोन्ही नावे सारख्याच हौसेने ठरवावी. वडीलधाऱ्यांना विचारावे, कोश उघडावा, नाव मोठ्याने उच्चारून पाहावे, नोंद शुद्ध लिहिली आहे ना ते पाहावे. आत्याने ते खुशाल कानात सांगावे. तो तिचा मान आहे. पुढे मूल आठदहा वर्षांचे होईल आणि विचारील, ‘माझे हेच नाव का ठेवले?’ त्या दिवशी आईला आणि वडिलांना एकच उत्तर देता आले, आणि ते देताना मान खाली घालावी लागली नाही, म्हणजे नाव चांगले ठेवले गेले असे समजावे. पुढचे नाव ते मूल स्वतः कमावील, जसे धरणगावच्या त्र्यंबकाने कमावले.