सरावाने दान पडते काय?

सराव हा शब्द आपल्या महाविद्यालयात देवाच्या नावासारखा घेतला जातो. इंग्रजीचे सर सराव सांगतात, क्रीडा विभागाचे सर सराव सांगतात, संगीताच्या मॅडम रियाज म्हणतात, पण सांगतात तेच. पहाटे पाचला पोलीस भरतीसाठी धावणारी वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडची मुले तर या एका शब्दावरच जगतात. आमच्यासारख्यांच्या घरी दुसरे भांडवल नसते, तेव्हा या शब्दाचा मान राखलाच पाहिजे. परंतु भांडवल म्हटले की ते कोठे गुंतवावे आणि कोठे गुंतवू नये हा प्रश्न आलाच. आणि हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. म्हणून एक टोकाचे उदाहरण घेऊन मी तो विचारणार आहे. ते उदाहरण म्हणजे फासे टाकण्याचा सराव.

मित्रहो, हसू नका. अमेरिकेत क्रॅप्स नावाचा फाशांचा जुगार आहे. उंच कठड्याच्या लांबलचक टेबलावर दोन फासे फेकतात. पहिल्याच फेकीला ७ किंवा ११ आले तर जिंकला. २, ३ किंवा १२ आले तर हरला. दुसरा कोणताही आकडा आला तर तोच आकडा पुन्हा यावा लागतो, आणि तो यावयाच्या आत ७ आले की खेळ संपला. म्हणजे सगळा खेळ सातभोवती फिरतो. दोन फाशांची एकूण ३६ दाने. त्यांतली ६ दाने सातची. म्हणून सरासरी सहा फेकींत एकदा सात. या हिशेबाने सर्वात साध्या पैजेत शंभर रुपयांमागे सुमारे १ रुपया ४१ पैसे अड्ड्याच्या मालकाकडे जातात. फार वाटत नाहीत. पण मालक रात्रभर बसलेला असतो.

या खेळात एक पंथ आहे. त्याचे म्हणणे असे की, फासे विशिष्ट बाजू वर ठेवून जुळवावेत, ठरावीक बोटांनी धरावेत, हलक्या हाताने एकाच उंचीवरून, एकाच गिरकीने सोडावेत, आणि हे घरी तसेच टेबल मांडून हजारो वेळा करावे. म्हणजे सात कमी येऊ लागतात. यावर पुस्तके आहेत, पैसे घेऊन चालणारे वर्ग आहेत. एका अर्थी ही मंडळी कौतुकास्पदच. नवसाला न जाता ती सरावाला बसतात. नशिबाच्या दारात मेहनतीचे घोंगडे अंथरणाऱ्या माणसाकडे पाहून मराठवाड्यातल्या कोणालाही थोडा आपलेपणा वाटेल.

पण सराव म्हणजे केवळ पुन्हा पुन्हा करणे नव्हे. १६०० मीटर धावणाऱ्या मुलाला घड्याळ उत्तर देते. काल एवढी मिनिटे, आज एवढी. गोळाफेक करणाऱ्याला फीत उत्तर देते. तबल्यावर बोट चुकीचे पडले तर कानच सांगतो. विटी-दांडूतला टोला, गोट्यांतला नेम, यांतही तसेच. गोटी लागली की लागली. चूक कोणती ते त्याच क्षणी कळते, हात ती दुरुस्त करतो, आणि मग आपण म्हणतो की हात बसला. करणे आणि उत्तर मिळणे या दोहोंची जोडी म्हणजे सराव. उत्तर देणारे समोर कोणी नसेल तर ती नुसती आवृत्ती झाली.

फासा उत्तर देतो काय? देतो, पण इतक्या पुटपुटत्या आवाजात की ऐकू येत नाही. या पंथाचा अभ्यास करणारे ‘स्टॅनफर्ड वाँग’ या टोपणनावाचे एक लेखक आहेत. २००५ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यांनी एकदा उघड पैज लावून प्रयोग केला. सरावलेल्या हातांनी ५०० फेकी करावयाच्या आणि सात किती येतात ते मोजावयाचे. नुसत्या नशिबावर सुमारे ८३ वेळा सात यावयास हवे होते. ७९ पर्यंत आले तर सरावाची बाजू जिंकली असे ठरले. आले ७४. पैज जिंकली! पंथात आनंदीआनंद झाला असणार. पण गणित करून पाहा. ज्याने आयुष्यात कधी फासा धरला नाही अशा माणसाने डोळे मिटून ५०० फेकी केल्या, तरी ७४ किंवा त्याहून कमी सात येण्याचा संभव सातांत एक एवढा असतो. म्हणजे आपल्या वर्गातल्या साठ जणांनी हा प्रयोग केला, तर आठ-नऊ जण काहीएक न शिकता ‘सिद्धहस्त’ ठरतील. त्यातले दोघे तरी वर्ग काढतील, असे मला वाटते.

उलट बाजूचे उदाहरण याहून बोलके आहे. २००९ च्या मे महिन्यात अटलांटिक सिटी येथे एका आजीबाईंनी सलग १५४ फेकी केल्या, चार तासांहून अधिक वेळ, आणि तोवर त्यांचा डाव संपवणारा सात आलाच नाही. एवढी लांब खेळी तोवर कोणाची नोंदली गेली नव्हती. आजीबाई मुरलेल्या खेळाडू होत्या काय? मुळीच नाही. हा खेळ त्यांच्यासाठी जवळजवळ नवाच होता.

हाताला फाशात काहीच स्थान नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते शास्त्राला धरून होणार नाही. वस्तू जशी सुटेल तशी पडेल, यात चमत्कार नाही. नाण्याचे पाहा. ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणे उडवून हातात झेलले आणि सारे लिहून ठेवले. २०२३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. उडवताना जी बाजू वर होती तीच पुन्हा वर येण्याचे प्रमाण ५०.८ टक्के निघाले. म्हणजे हाताचा कौल आहे, पण शेकड्याला एकाहूनही कमी, आणि तो ऐकू यावयास साडेतीन लाख वेळा कान लावावा लागला. तेही नाणे मुकाट्याने तळहातावर येते म्हणून. क्रॅप्सच्या टेबलाला तर पलीकडची भिंत आहे, तिच्यावर रबराचे टोकदार उंचवटे बसवलेले आहेत, आणि फासे त्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत असा दंडक आहे. फासा घसरवत नेलेला चालत नाही. जेथे हाताचे काही चालले असते, नेमकी तेथेच मालकाने भिंत बांधली आहे. मालक फार हुशार असतो. जो सराव त्याला खरोखर महागात पडला असता तो त्याने वर्ज्य केला, आणि जो पडत नाही त्याकडे कौतुकाने पाहात राहिला.

आता आपल्याकडे येऊ. चिंचोके फोडून, दगडावर घासून ज्यांनी सोंगट्या खेळल्या त्यांना ‘हातगुण’ हा शब्द सांगावयास नको. प्रत्येक वाड्यात, प्रत्येक गल्लीत एखादी काकू असतेच, जिच्या हाताला हवे ते दान पडते. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. खाली नंदीभोवती गणांचा दंगा चालला आहे. सहलीला गेलेल्या प्रत्येक तुकडीत त्या शिल्पापुढे एक तरी विनोद होतो की, देवाचेही दान बाईच्या हातगुणापुढे चालले नाही. पण हातगुण हा हिशेब न ठेवण्यातून जन्मतो. पडलेले दान गल्लीभर सांगितले जाते, न पडलेले पट गुंडाळताना विसरले जाते.

या बाबतीत महाभारत आपल्यापेक्षा सावध आहे. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे; भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती सापडत नाही. तेथे शकुनी फाशात तरबेज आहे आणि कपट करतो, एवढेच. परंतु माझ्या मुद्द्याला अधिक उपयोगी आहे तो नल. राज्य गमावलेला नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतो. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांचा आणि फळांचा आकडा सांगतो. नल काय करतो? नमस्कार करीत नाही. रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. उशीर होतो म्हणून राजा चुळबुळ करतो, तरी मोजतो. आकडा जुळल्यावरच तो अश्वविद्या देऊन अक्षविद्या घेतो. त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगातली गंमत कळते. ज्याला अक्षहृदय म्हटले आहे ती विद्या मनगटाची दिसत नाही, मोजणीची दिसते. आणि ती घेणाऱ्याने आधी मोजून खात्री केली आहे.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातही जुगार आहे. चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यात हरिपाळदेव द्यूतात हरतात, देणे द्यावयास पत्नीकडे दागिने मागतात, आणि ती नकार देते. तेथे कौशल्याची चर्चाच नाही. घरातल्या बाईपुढे हात पसरणे आहे. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच हा प्रसंग यावा, याचा विचार आपण तो परीक्षेपुरता वाचून सोडतो म्हणून करीत नाही.

एवढे सारे मी का लिहितो आहे? आपल्या जिल्ह्यात क्रॅप्सचे टेबल नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. ज्यांना हौस आहे ते गोव्याला मांडवीतल्या बोटींवर जातात. पण फासा प्रत्येकाच्या खिशात आला. माझा एक मित्र मोबाईलवर पैसे लावून लुडो खेळत असे. २०२५ च्या कायद्याच्या आधीची ही गोष्ट. वडिलांनी मोंढ्यात हळद घातली, पट्टी झाली, त्यातले परीक्षेचे आणि खोलीभाड्याचे पैसे त्याच्या हाती दिले. तो रात्र रात्र ‘सराव’ करी. काचेवर बोट किती हळू टेकवले म्हणजे सहा पडतात याचा त्याने अभ्यास केला होता. त्या यंत्रात फासाच नाही, आकडा आतला कार्यक्रम काढतो, बोट हळू टेकवले काय आणि आपटले काय, हे त्याला सांगून पाहिले. तो म्हणाला, “तुला नाही कळायचं, माझा हात बसलाय आता.” दोन आठवड्यांत पैसे गेले. तेव्हा तो नशिबाला बोलला असता तर मला बरे वाटले असते. तो म्हणाला, “सराव कमी पडला.”

हे वाक्य मला भयंकर वाटते. नशिबाने हरलेला माणूस केव्हातरी पाटावरून उठतो. सरावाने हरलेला पुन्हा सरावाला बसतो. नशीब आपले कोणी लागत नाही, मेहनत आपली असते. तिला खोटे म्हणावयास जीभ रेटत नाही. ज्या मुलाला लहानपणापासून मेहनतीचे फळ मिळतेच असे शिकवले, तोच या जाळ्यात अधिक खोल जातो. आळशी मुलगा दोन डाव हरून झोपी जातो.

कायद्यानेही या भ्रमाला बराच काळ हातभार लावला. मुंबई सरकारच्या १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, तेव्हा ते योग्यच होते. पण पुढे ‘कौशल्य’ हा शब्द जाहिरातवाल्यांनी पळवला आणि ज्यात नशीबच फार तेही कौशल्य म्हणून विकले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने, कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बंदी चांगली. मात्र ‘हात बसलाय’ म्हणणाऱ्याच्या डोक्यातला समज बंदीने जात नाही. तो चोरवाटेने दुसरा पट शोधतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. जिमखान्याच्या खोलीत एक टेबल, पलीकडे एक फळी आणि दोन फासे ठेवावेत. पैसा नको, चहासुद्धा नको. ज्याला आपला हात बसला आहे असे वाटते त्याने जुळवून, मन लावून ३६०० फेकी कराव्यात. दुसऱ्याने तेच फासे डब्यात खुळखुळवून, गप्पा मारीत तेवढ्याच कराव्यात. फासे तेच हवेत, कारण फासाही लबाड असू शकतो: १८९४ साली वेल्डन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने बारा फाशांच्या २६,३०६ फेकी मोजल्या, तेव्हा पाच आणि सहा हे आकडे हजारास सुमारे ३३३ वेळा यावयाचे ते ३३८ वेळा आले, आणि त्याचे कारण फाशांच्या घडणीत होते असे मानले जाते. नुसत्या नशिबावर आपल्याकडे ६०० च्या आसपास सात येतील. पन्नासएक इकडेतिकडे झाले तर काही विशेष नाही. सरावलेल्या हाताने सात फेकींत एकदा सात आणले, तर आकडा ५१५ च्या जवळ येईल, आणि मग मी माझे म्हणणे याच अंकात मागे घेईन. दिवसाला दोनशे फेकी धरल्या तर अठरा दिवसांचे काम. सहामाही परीक्षा संपल्यावर सुरू करता येईल. वही मी आणतो. आकडे लिहावयास अर्थशास्त्राचा एखादा विद्यार्थी मिळाला तर बरे.