फुलांतून उमलणारा चेहरा

फुलांच्या रचनेतून माणसाचा चेहरा साकारणारे तैलचित्र दुरून पाहिले की मुख दिसते. जवळ जावे तर गाल, ओठ, केस सारे फुलांचेच असल्याचे ध्यानात येते. मिलानचा चित्रकार आर्चिंबोल्दो याने १५७३ मध्ये रंगविलेले ‘वसंत’ हे असे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अनेक स्त्रियांच्या आकृतींतून हत्ती घडविणारे आपल्याकडील ‘नारीकुंजर’ही याच जातीचे.

अशी चित्रे शिकू इच्छिणारे पुष्कळजण छापील चित्र समोर ठेवून त्याची नक्कल करतात. रंग मिसळण्याचा सराव म्हणून नक्कल उपयोगी आहे, हे मान्य. परंतु तेवढ्यावरच थांबणे मला योग्य वाटत नाही. जबलपूरच्या ओमती भागात राहणाऱ्याने कधी न पाहिलेली परदेशी फुले का गिरवावीत? झेंडू, शेवंती, कण्हेर, जास्वंद त्याच्या नित्य परिचयाची आहेत.

यात एक खरी अडचण आहे. जवसाच्या तेलातील रंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतात. खालचा थर पातळ व वरचा अधिक तेलाचा असावा लागतो. हा क्रम चुकला तर पुढे तडे जातात. एक थर सुकायला कित्येक दिवस लागतात. जास्वंद मात्र बहुधा एका दिवसातच मिटते. म्हणून ताज्या फुलांची रेखाटने आधीच करून ठेवावी लागतात. चेहऱ्यावरील छायाप्रकाशही जाणावा लागतो. उजेडाच्या गालावर फिकट फुले, हनुवटीखाली गडद फुले नसतील, तर चेहरा न होता नुसता गुच्छ होतो.

पोटापाण्याच्या धावपळीत इतका वेळ कोठून आणावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण एका फुलाच्या रेखाटनाला अर्धा तास पुरतो आणि अशी रेखाटने साठत जातात. जबलपूरचेच चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा (१९२९–२००७) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. तेथे निसर्गाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला मोठे स्थान होते. पुढे भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान याच सिन्हांनी सजविले.

नकलेतून भिंतीवर लावायला एक चित्र मिळते. निरीक्षणातून पुढची अनेक चित्रे काढण्याचे बळ मिळते. उशिरा शिकू लागलेल्या माणसाला या बळाची गरज अधिक असते.