ड्रोन पाडायचा, पण किती खर्चात?

मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन आले, तेव्हा आमच्या अंबडमध्ये चर्चा फक्त क्षेपणास्त्रांची होती. पण स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे डागत राहिलो, तर साठा आधी आपलाच संपेल.

म्हणून संरक्षणाचे थर हवेत. लांबच्या विमानासाठी ‘आकाश’, जवळच्या ड्रोनथव्यासाठी स्वस्त छोटी रॉकेट्स. नागपूरच्या सोलर कंपनीचे ‘भार्गवास्त्र’ अशीच रॉकेट्स अडीच किलोमीटरपर्यंत डागते. १३ मे २०२५ रोजी ओडिशात गोपाळपूरला त्याची चाचणी झाली.

कशावर काय डागायचे, हे कळायला सगळ्या रडारांचे एकच चित्र लागते. ते ‘आकाशतीर’ दाखवते. म्हणजे निम्मी लढाई सॉफ्टवेअरची, माझ्या पेशाची.

‘आकाश’ १९८३ च्या कलामसाहेबांच्या कार्यक्रमातून आले. दोस्तांनो, कोडिंग शिकताय ना? मग ॲपवर थांबू नका, रडारचे गणितही शिका. हे कामही आपलेच आहे.