परदेशांतील शेतावरचे अंतेवासी

पदवी हातीं पडली, नोकरीचें पत्रही आलें, आणि चिरंजीव म्हणतात, "रुजू होण्यापूर्वी कांहीं महिने परदेशांत शेतावर राहून येतों, रोज चार-पांच तास काम करावयाचें, जेवणखाण व राहणें फुकट." हें ऐकून घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आंठ्या पडल्या तर नवल नाहीं. आजोबा विचारतात, शेणांत हात घालावयास समुद्रापलीकडे कशाला जावयास पाहिजे? आजी विचारते, तेथें खाईल काय? आई विचारते, मालक परका, मुलूख परका, कांहीं कमीजास्त झालें तर? वडील बोलत नाहींत. ते मनांतल्या मनांत विमानाच्या तिकिटाचा हिशेब मांडीत असतात. हे सारेच प्रश्न रास्त आहेत. "आतांचीं मुलें अशींच" असें म्हणून ते सुटत नाहींत, आणि "जाऊं द्या, जग पाहूं द्या" असें म्हणूनही सुटत नाहींत. म्हणून हा प्रकार मुळांत काय आहे, तें या महिन्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रकारास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वूफ' असें नांव पडलें आहे. त्याचा उगम फार साधा आहे. लंडन शहरांत सू कॉपर्ड नांवाची एक स्त्री सेक्रेटरीचें काम करीत असे. शहर सोडून अधूनमधून खेड्यांतील मोकळ्या हवेंत जावें असें तिला फार वाटे. परंतु खेड्यांत राहण्यास हक्काचें घर नाहीं आणि खर्च करण्यास फारसा पैसा नाहीं. तेव्हां १९७१ च्या शरदऋतूंत तिनें ससेक्स परगण्यांतील एमर्सन कॉलेज या संस्थेच्या शेतावर शनिवार-रविवार काम करावयाचें ठरविलें. पहिल्या खेपेस अवघे चार जण होते. काम चांगलें झालें आणि हा परिपाठ सुरू राहिला. आरंभीं उपक्रमाचें नांव 'सेंद्रिय शेतांवर कामाचे शनिवार-रविवार' अशा अर्थाचें होतें. पुढें लोक आठवडे व महिने राहूं लागले, तसें तें 'खुषीचे कामकरी' अशा अर्थाचें झालें. पण 'कामकरी' हा शब्द परदेशांच्या नाक्यांवर घोंटाळा करूं लागला; मजूर म्हणून आलां काय, असें अधिकारी विचारीत. तेव्हां २००० सालीं आद्याक्षरें तींच ठेवून नांवांतील 'कामकरी' वगळला आणि 'जगभरच्या संधि' असा अर्थ त्यांत घातला. आज शंभराहून अधिक देशांत अशीं शेतें आहेत.

व्यवहार असा असतो. ज्या देशांत जावयाचें तेथील संस्थेची वार्षिक वर्गणी भरली म्हणजे शेतांची यादी पाहावयास मिळते. यादींत प्रत्येक शेतकरी आपलें वर्णन देतो: जमीन किती, पीक कोणतें, जनावरें आहेत कीं नाहींत, निजण्याची सोय घरांत कीं तंबूंत, जेवण शाकाहारी मिळेल कीं नाहीं. त्यांतून एक निवडून पाहुण्यानें स्वतः पत्रव्यवहार करावयाचा आणि दिवस ठरवावयाचे. काम बहुधा दिवसाचे चार ते सहा तास. आठवड्यांतून एक-दोन दिवस मोकळे. कामाचें स्वरूप ऋतूप्रमाणें बदलतें. वसंतांत वाफे करणें व रोपें लावणें; उन्हाळ्यांत खुरपणी; भूमध्यसमुद्राच्या कांठच्या देशांत सप्टेंबर-ऑक्टोबरांत द्राक्षांची तोडणी आणि तिच्या पाठोपाठ ऑलिव्हची; हिंवाळ्यांत कुंपणें दुरुस्त करणें, लांकूड फोडणें, खताचे ढीग परतणें. न्यूझीलंडांत ऋतु उलटे असतात, त्यामुळें तेथें किवीफळांची तोडणी आपल्या ऐन उन्हाळ्यांत चालते. या कामाच्या मोबदल्यांत अंथरूण, पोटभर अन्न आणि शिक्षण. पैसा इकडून तिकडे जात नाहीं, आणि तिकडून इकडेही येत नाहीं.

आतां याला नांव काय द्यावें? मजुरी म्हणावी तर वेतन नाहीं. पाहुणचार म्हणावा तर पाहुणा सकाळीं फावडें घेऊन उभा. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड आम्ही वर्गांत कैक वर्षें सांगत आलों. येथें तर तिथि आधीं ठरवूनच पाहुणा येतो. मग उरतो एकच शब्द, आणि तो आपलाच आहे: अंतेवासी. गुरूच्या जवळ राहणारा, त्याच्या घरीं जेवणारा, त्याचें काम करणारा, आणि तें करतां करतां शिकणारा. महाभारताच्या आदिपर्वांत धौम्य ऋषींच्या तीन शिष्यांची कथा आहे. पांचाल देशाच्या आरुणीस गुरूनें शेताचा फुटलेला बांध घालण्यास पाठविलें. पाणी अडेना, तेव्हां तो स्वतःच त्या खिंडारांत आडवा पडून राहिला. गुरूची हांक ऐकून तो उठला तेव्हां बांध विदारून उठला, म्हणून त्याचें नांव उद्दालक पडलें. आणि उपनिषदांत आपल्या मुलास ब्रह्मविद्या सांगणारा उद्दालक आरुणि तो हाच, असें परंपरा मानते. एवढ्या थोर तत्त्वज्ञाची पहिली परीक्षा चिखलांत झाली, ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या कौतुकानें सांगतों. मग आपलाच मुलगा चिखलांत उतरूं म्हणतो तेव्हां संकोच कां वाटावा?

मात्र त्याच कथेंत पुढें उपमन्यु येतो, आणि त्याची गोष्ट सांगतांना आपण थोडे घाईनें पुढें जातों. गुरें राखणाऱ्या या शिष्यानें आणलेली भिक्षा गुरु स्वतः ठेवून घेई. पुन्हां भिक्षा मागण्यास मनाई झाली, गाईंचें दूध पिण्यास मनाई झाली, वासरांच्या तोंडचा फेंस चाटण्यासही मनाई झाली. शेवटीं भुकेनें व्याकूळ होऊन त्यानें रुईचीं पानें खाल्लीं, त्याचे डोळे गेले, आणि तो विहिरींत पडला. अश्विनीकुमार प्रसन्न झाले म्हणून निभावलें. कथेंतील गुरूचा हेतु परीक्षेचा होता. आजच्या एखाद्या मालकाचा हेतु फुकटच्या हातांपुरताच असूं शकतो, आणि हांकेस धांवणारे अश्विनीकुमार परमुलखांत भेटतीलच असें नाहीं. ही भीति कल्पनेंतली नव्हे. ऑस्ट्रेलियांत तरुण प्रवाशांस दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळण्यासाठीं ८८ दिवस ग्रामीण भागांत काम करण्याची अट होती, आणि त्यांत अशी विनावेतन सेवाही धरली जाई. तिचा गैरफायदा घेतला जाऊं लागला, तेव्हां १ डिसेंबर २०१५ पासून तेथील सरकारनें विनावेतन काम हिशेबांत धरण्याचें बंद केलें.

तेव्हां आईच्या प्रश्नास उत्तर एवढेंच कीं, शेत निवडतांना एक कसोटी लावावी: मालक स्वतः पाहुण्याबरोबर वाफ्यांत वांकतो काय? जो वांकतो, तो रोप असेंच कां लावावें हें सांगतो, थकवा ओळखतो, आणि दोन प्रहरीं काम थांबवितो. जो बांधावर उभा राहून केवळ आज्ञा देतो, त्यास अंतेवासी नको आहे, बिनपगारी गडी हवा आहे. तेथून दुसऱ्या दिवशीं निघण्यास संकोच करूं नये. आणि तसें निघतां यावें एवढा पैसा व परतीचें तिकीट प्रत्येकानें जवळ ठेवावें. हीच कसोटी उलट बाजूसही लागू आहे. तीन वेळां जेवून उशिरां उठणारा आणि शेतास स्वस्त धर्मशाळा समजणारा पाहुणाही हा करार मोडतोच. कागदावर सही नसलेला हा करार आहे. दोघांच्या शब्दावर तो उभा असतो.

कायद्याकडे मात्र कानाडोळा करून चालणार नाहीं. अन्न व निवारा यांच्या मोबदल्यांत केलेलें काम हेंही काम, असें न्यूझीलंडचें परदेशगमन खातें मानतें. म्हणून केवळ पर्यटकाच्या व्हिशावर तेथें असें राहतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें पर्यटक म्हणून गेलेल्यास स्वयंसेवा करावयाची तर ती नोंदलेल्या धर्मादाय संस्थेसाठींच, आणि तीही एकंदर ३० दिवसांच्या आंत करावी लागते. ज्या देशांत हा उपक्रम जन्मला, तेथील खाजगी शेताचें दारच अशा रीतीनें पर्यटकास बंद आहे. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं १८ ते ३० वयाच्या भारतीय तरुणांसाठीं काम व सुट्टी यांचा एक वर्षाचा व्हिसा सुरू केला. वर्षाला १,००० जागा, आणि त्या सोडतीनें. प्रत्येक देशाचा नियम वेगळा व बदलता असल्यामुळें निघण्यापूर्वी त्या त्या वकिलातीकडे विचारणा करावी. "सर्वच जण जातात, कोण विचारतो?" असें सांगणाऱ्या मित्राचा सल्ला घेऊं नये. खोटें कारण सांगून परक्या देशाच्या दारांत शिरणें हें विद्यार्थ्यास शोभत नाहीं, आणि नाक्यावर अडविलें गेल्यास तो शेरा पुढच्या अर्जांस नडतो.

आजीच्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या पत्रांतच द्यावें. आपण काय खातों व काय खात नाहीं, तें स्वच्छ लिहावें. यादींत शाकाहारी घरें पुष्कळ सांपडतात. पण सेंद्रिय शेतीस शेणखत लागतें, म्हणून तेथें जनावरें असतात; आणि पुष्कळ शेतांवर कोंबड्या, डुकरें, मेंढ्या खाण्यासाठींच पाळलेल्या असतात. ज्यास तें पाहवणार नाहीं त्यानें भाजीपाल्याचें वा फळबागेचें शेत निवडावें. शिवाय जाण्यापूर्वी मुलानें किंवा मुलीनें वरणभात, पोळी व दोन भाज्या आपल्या हातानें करण्यास शिकावें. परक्या घरीं एक दिवस सर्वांसाठीं स्वयंपाक करून वाढला, म्हणजे जी ओळख होते ती आठ दिवसांच्या गप्पांनीं होत नाहीं.

राहिला आजोबांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. शेणासाठीं समुद्रापलीकडे कशाला? त्यासाठीं थोडा इतिहास पाहूं. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें सरकारी संशोधक म्हणून आले. भोंवतालच्या शेतकऱ्यांचीं पिकें औषधांवांचून निरोगी राहतात हें पाहून, शेतकरी व पिकांवरील कीड हेच आपले अध्यापक, अशी त्यांनीं खूणगांठ बांधली. पुढें १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यांनीं होळकरांच्या इंदुरांत संशोधनसंस्था चालविली. काडीकचरा, तण, शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि लांकडाची राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, ठराविक वेळीं ढीग परतावयाचा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत तयार होतें. जगभर 'इंदूर पद्धति' म्हणतात ती हीच. १९३१ सालीं या प्रयोगांवर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या शेजारीं दुसरें नांव आहे तें यशवंत वाड यांचें. ते त्या संस्थेंत कृषिरसायनाचें काम पाहत. हॉवर्ड यांचा पुढचा ग्रंथ १९४० सालीं आला. त्यांच्या विचारांचा आधार घेऊन लेडी ईव्ह बाल्फोर यांनीं १९४३ सालीं आपला ग्रंथ लिहिला. आणि १९४६ सालीं इंग्लंडांत भूमिसंरक्षणाचा संघ स्थापन झाला. सू कॉपर्डचें पहिलें शेत रुडॉल्फ स्टायनर यांच्या पंथाचें होतें हें खरें; स्टायनर यांचीं शेतीवरील व्याख्यानेंही १९२४ सालचींच. परंतु इंग्लंडांतील सेंद्रिय शेतीची दुसरी मोठी धारा इंदुराहून गेली, यांत शंका नाहीं.

म्हणजे आजोबा म्हणतात तें बरोबरच आहे: विद्येसाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. वूफची शाखा भारतांतही आहे, आणि आमचा आग्रहाचा सल्ला असा कीं पहिला महिना येथल्याच एखाद्या शेतावर काढावा. पाठ, कंबर व चिकाटी यांची परीक्षा कमी खर्चांत होते, आणि वडिलांच्या तिकिटाचा हिशेबही मग निश्चिंतपणें मांडतां येतो.

तरीही परदेशांतील लहान शेतांवर एक गोष्ट सहज दिसते, आणि ती आपल्या घरांतून दुर्मिळ झाली आहे. तेथें ज्याच्या नांवावर जमीन, त्याच्याच हातांत खुरपें असतें. जपानांत मासानोबु फुकुओका हे शिकलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ योकोहामा बंदरावरील सरकारी नोकरी सोडून शिकोकु बेटावरील वडिलोपार्जित शेतावर परतले. त्यांच्या डोंगरावर देशोदेशींचे तरुण मातीच्या झोंपड्यांत राहत; वीज नाहीं, नळाचें पाणी नाहीं; आणि गुरु त्यांच्याबरोबर भातशेतींत. १९८८ सालीं त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यावर घराण्याचें नांव असे, पण पेरणी दुसऱ्याच्या हातीं. दूर्वा कोणत्या दिवशीं वाहाव्या हें आपल्याला ठाऊक, पण दुर्वांचें मूळ शेतांतून उपटतांना किती खोल खणावें लागतें हें ठाऊक निंदणाऱ्या बाईला. ज्ञान एका घरीं आणि हात दुसऱ्या घरीं, अशी ही वांटणी झाली. परक्या मुलखांत कोणी आडनांव विचारीत नाहीं, गडी हांक मारल्यास येत नाहीं, आणि घमेलें स्वतःच उचलावें लागतें. घरीं जें करण्यास भीड वाटते तें तेथें चार दिवसांत अंगवळणीं पडतें. जाण्याचा खरा लाभ असेल तर हाच. आणि तो पदरीं पडला कीं नाहीं याची परीक्षा घेणें वडिलांच्या हातीं आहे.

ती अशी घ्यावी. मुलगा किंवा मुलगी परत आल्यावर छायाचित्रें अवश्य पाहावीं. पण त्यानंतर परसांत एक खड्डा, परस नसेल तर गच्चीवर एक पिंप द्यावें. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांतील भाजीचीं देठें, निर्माल्य व झाडांचा पालापाचोळा यांचा तुटवडा नसतो. थर कसे रचावे, ओल किती असावी, परतावें केव्हां, हें त्यानें घरांतील लहानथोरांस दाखवावें, आणि पहिला ढीग स्वतःच्या हातांनीं परतावा. तीन महिन्यांनीं झांकण काढल्यावर दुर्गंध आला तर शिक्षण अपुरें राहिलें असें समजून पुन्हां थर रचण्यास सांगावें. पहिल्या पावसांतल्या मातीचा वास आला, तर आजोबांनीं त्यांतली मूठभर माती घेऊन तुळशीवृंदावनांत घालावी.