वर्धेच्या पल्याड

राजूरची मुलगी वणीच्या कॉलेजात दोन वर्षे शिकते, लग्न होऊन वर्धा नदीपलीकडे चंद्रपुरास जाते. तेवढ्याने तिची विद्या आटते काय? अलीकडे अमरावती विद्यापीठ, पलीकडे २०११ चे गोंडवाना. १९८३ पर्यंत मात्र दोन्ही तीर नागपूर विद्यापीठाचेच! २०२१ साली अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. ठेव सात वर्षे टिकते म्हणे. पण ती वटवायची की नाही, हे नव्या ठिकाणचे लोक ठरवणार. पेपरचे नाव जुळले नाही की पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. अहो, नावे कसली ताडता? अभ्यासक्रम उघडून पाहा! आणि नाकारायचेच असेल, तर प्रवेशाआधी कारण लेखी द्या. दुसऱ्यांदा फी भरायला किती सासरे तयार होतील?