टेबलावरचा लेथ : अंथरूण पाहून पाय पसरावे



ऐन चाऱ्याच्या दिवसांत कडबाकुट्टीचा बुश झिजतो. चाक डुगडुगू लागते, पाते तोंडाला घासते. मग सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या त्या नळीसाठी माणूस तालुक्याला जातो. तिथला टर्नर म्हणतो, "ठेवून जा, परवा या." जाण्यायेण्याचे भाडे गेले, दोन दिवसांची खोटी झाली, आणि गोठ्यात जनावरे अख्खा कडबा पायाखाली तुडवतात.

हे दुखणे ओळखून आमच्या भाच्याने घरच्या पडवीत टेबलावर मावणारा छोटा लेथ बसवला. पोरगा आय.टी.आय.मध्ये दोन वर्षे टर्नरचे काम शिकलेला. आज त्याच्याकडे पाहून गावातली आणखी दोन-तीन मुले विचारू लागली आहेत. म्हणून या आठवड्यात या यंत्राविषयी.

कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात आकार देतो. लेथचे तेच, फक्त चाक उभे असते आणि हाताच्या जागी पोलादी हत्यार असते. कातारी ज्या यंत्रावर लाटणी आणि पाळण्याचे पाय काततो, तेही याच जातीचे. डाव्या हाताला हेडस्टॉक. त्यातला चक जॉबला तीन दातांत पकडून फिरवतो. उजव्या हाताला टेलस्टॉक. तो लांब जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देतो, नाहीतर ड्रिल धरतो. मध्ये बेडवर सरकणारा टूलपोस्ट, त्यात हत्यार. एवढाच संसार.

टेबलावरच्या लेथमध्ये साधारण 180 मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरू शकतो आणि दोन टोकांमध्ये 300 ते 350 मिलिमीटर लांबी मावते. स्पिंडलचे भोक 20 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्याहून जाड गज आरपार जात नाही. तुकडा कापूनच धरावा लागतो. मोटर सिंगल फेजवर चालते. शेतीच्या थ्री फेजची वाट पाहावी लागत नाही, ही खेड्यात मोठीच सोय.

यावर काय करावे? बुश, वॉशर, पिन, स्पेसर, छोटी पुली, फवारणी पंपाचे बारीकसारीक भाग, बदलीचे गिअर लावून आटे पाडणे. काय करू नये? ट्रॅक्टरचा मोठा शाफ्ट, ट्रॉलीचा अ‍ॅक्सल. हलके यंत्र जड कापाखाली थरथरते, आणि जॉबवर लाटा उठतात. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग तर घरी करूच नये. तिथे माणसाच्या जिवाशी गाठ असते.

आता एक बुश करून पाहू. शाफ्ट 25 मिलिमीटरचा आहे असे धरा. गनमेटलचा तुकडा चकात घट्ट पकडा. हत्यारावर धार हवी आणि त्याचे टोक बरोबर मध्यावर हवे. टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकाशी लावून पाहिले की उंची कळते. आधी तोंड सपाट करा. मग सेंटर ड्रिल, त्यानंतर लहानापासून मोठ्यापर्यंत ड्रिल, आणि शेवटचे माप बोरिंगच्या हत्याराने. शाफ्ट फिरायला भोक 0.05 ते 0.1 मिलिमीटर सैल ठेवा. बाहेरचा व्यास मात्र घरापेक्षा किंचित जास्त हवा, म्हणजे बुश दाबून बसतो. तेलाचे भोक विसरू नका.

भाच्याचा पहिला बुश वाया गेला तो इथेच. हातचाकावर हत्यार 0.1 पुढे घेतले की व्यासातून दोन्ही बाजूंनी मिळून 0.2 जाते. काही यंत्रांच्या चकतीवर व्यासाचेच आकडे असतात, काहींवर नसतात. त्याने पाहिले नाही आणि भोक मोठे झाले. मला म्हणाला, "मामा, एका घासात गेला की हो!" मी म्हटले, "अरे, शिजलेल्या भातात पाणी घालता येते, कापलेल्या धातूत धातू घालता येत नाही." तेव्हापासून तो शेवटचे दोन-तीन काप अगदी बारीक घेतो, आणि जॉब गार झाल्यावरच व्हर्नियर लावतो. गरम धातू फुगलेला असतो, माप फसवतो.

वेगाचाही हिशेब आहे. हायस्पीड पोलादाच्या हत्याराने 25 मिलिमीटरचे साधे लोखंड कापताना मिनिटाला सुमारे 300 फेरे पुरतात. जॉब 50 मिलिमीटरचा असेल तर निम्मे, 150. पितळ आणि गनमेटलला दुप्पट वेग चालतो. जॉब जाड, तर फेरे कमी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

आता जे सांगायचे ते घरातल्या सर्वांसाठी. एकदा काम चालू असताना वीज गेली. भाच्याने बटण तसेच ठेवले आणि जॉब सोडवायला चकात किल्ली घातली. तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून तो दारात गेला, किल्ली चकातच राहिली. वीज आली. किल्ली सुटली ती समोरच्या भिंतीचा गिलावा उडवून खाली पडली. त्याच जागी थोड्या वेळापूर्वी त्याची धाकटी मुलगी पाटीवर धडा गिरवत बसली होती. त्या रात्री त्या घरात कुणाला जेवण गेले नाही.

म्हणून हे नियम भिंतीवर लिहून ठेवा. वीज गेली की पहिले काम बटण बंद करणे. किल्लीवरचा हात सोडायचा तो ती चकातून काढूनच. चालू लेथवर हातमोजे नकोत. सैल बाही, उपरणे, पदर, मोकळे केस, अंगठी नकोत. डोळ्यांना चष्मा हवा. कीस हाताने ओढू नये, ब्रशने झाडावा. तो तापलेला आणि सुरीसारखा असतो. पॉलिशचा कागद बोटांना गुंडाळून फिरत्या जॉबवर धरू नये. अर्थिंग नीट असावे. लेथच्या समोर मुलांची बसायची जागा कधीच नसावी.

घेण्याआधी दोन गोष्टी करा. काम येत नसेल तर आधी शिका, आय.टी.आय. किंवा तालुक्याचा चांगला टर्नर हेच गुरू. आणि महिनाभर वहीत टिपून ठेवा, आपल्या आणि शेजारच्या वाड्यांतून कोणते सुटे भाग तालुक्याला जातात. यादी भरली तरच पैसे गुंतवा, आणि यंत्राबरोबर हत्यारे, ड्रिल, व्हर्नियर, ग्राइंडर यांचाही खर्च धरा. जिथे विजेचा दाब फार खालीवर होतो तिथे इलेक्ट्रॉनिक वेग-बोर्डापेक्षा पट्टा-पुलीचे साधे यंत्र बरे. ते गावात दुरुस्त होते.

भाच्याचा लेथ आता रोज चालत नाही, पण हंगामात थांबतही नाही. मोठे काम आले की तो स्वतःच तालुक्याच्या टर्नरचे नाव सांगतो. गिऱ्हाइकाला त्याचा राग येत नाही. उलट पुढचा बुश घेऊन तो त्याच्याकडेच येतो.