ओसरीवरचा कारखाना मोजणार कोण?

माघी पौर्णिमेला कचारगडची वाट माणसांनी फुलून जाते. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावमार्गे गुहेकडे चढणारे गोंड भाविक महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही येतात. यात्रा सरली, उन्हाळा तापला की सालेकसा तालुक्यातल्या याच जंगलपट्ट्यात तेंदूपानाचा हंगाम सुरू होतो. पहाटे तोडलेल्या पानांचे पुडे घरी बांधले जातात, फळीवर मोजून दिले जातात आणि गोदामांतून फिरत ते पान अखेर एखाद्या बाईच्या सुपात येऊन पडते. ती ते भिजवते, मापाने कापते, तंबाखू भरते आणि बिडी वळते. हे काम बहुतेक वेळा तिच्या ओसरीवर चालते.

त्या ओसरीवरच घरातली मुले खेळतात, जेवतात, झोपतात. तंबाखूची भुकटी हवेत उडते, श्वासावाटे छातीत जाते. निकोटिन तर कातडीतूनही शरीरात शिरते, त्यामुळे वळणारीने आयुष्यात बिडी ओढली नसली तरी तंबाखू तिला सोडत नाही. तासन् तास मान खाली घालून बसल्याने पाठ, मान, बोटे धरतात. खोकला सुरू झाला की बुडणारी मजुरी आणि औषधाचा खर्च, दोन्ही तिच्याच पदरात पडतात.

हा विषय आज काढायचे कारण म्हणजे नव्या कामगार संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. बिडी कामगारांसाठीचा १९६६ चा स्वतंत्र कायदा आता व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत सामावला आहे. मालकाने ठरावीक वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी, अशी तरतूद या संहितेत आहे. बारकावे नियमांत ठरतात आणि नियमांचा बराच भाग राज्यांच्या हाती असतो. मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा उद्योजकांच्या संघटना वकिलासह, आकडेवारीसह हजर असतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण ओसरीवरची बाई तिथे पोहोचत नाही.

मालकांचे गाऱ्हाणे प्रत्येक वेळी खोटे असते, असे मात्र नाही. आजचा गोंदिया जिल्हा जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. शेतीला मजूर मिळावेत म्हणून तिथल्या सरकारने १९४८ मध्ये कायदा करून हंगामात बिडी वळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार घेतला. सागर जिल्ह्यातील एक कारखानदार आणि एक कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हातारी, अपंग, शेतात राबू न शकणारी माणसेही या सरसकट बंदीत भरडली जातात, असे म्हणत न्यायालयाने १९५० मध्ये ती रद्द केली. कारखानदाराच्या धंद्याबरोबर गरिबाची भाकरीही त्या निकालाने वाचली.

पण पुढची कहाणी निराळी आहे. पाणी, हवा, स्वच्छता, भरपगारी रजा, हे सारे कारखाना कायद्याने फक्त ‘कामगारा’ला मिळत असे. म्हणून मालकांनी न्यायालयात वाद घातला तो ‘कामगार’ या शब्दावरच. नागपूरच्या एका कारखान्यात वळणारे कामगारच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये म्हटले. लगेच पुढच्या वर्षी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात, हा माणूस आपल्या मर्जीने येतो-जातो, त्याच्यावर मालकाची देखरेख नाही, म्हणून तो कामगार नाही, असा बहुमताचा निकाल लागला. बिडी तीच, तंबाखूही तीच, पण रजेचा हक्क गेला. मग मधल्या ठेकेदाराकडून घरोघर काम वाटणे मालकाला सोयीचे का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

ही फट बुजवायलाच १९६६ चा कायदा आला. घरी कच्चा माल नेऊन वळणाराही त्यात आला. कारखानदारांनी त्यालाही आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये बिडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून कामगारांचे दवाखाने, औषधोपचार, मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. दवाखान्यांच्या नावाने येणारा हक्काचा पैसा थांबला. आता सारी भिस्त अर्थसंकल्पावर आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचा निर्णय घेतला. रोजगार वाचावा, हे उद्योगाचे म्हणणे ऐकले गेले. २०१६ मध्ये तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रमय इशारा सक्तीचा झाला, तेव्हाही लाखो हातांचे काम जाईल हाच सूर होता. लाखो हातांचा हवाला कर कमी करायला चालतो, इशारा लहान करायला चालतो. त्याच हातांची तपासणी करायची म्हटली की ते हात आमच्याकडे कामाला नाहीत, ठेकेदाराकडे आहेत, असे उत्तर येते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

बिडीचा खप घटावा, असे सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र सांगते आणि ते बरोबर आहे. पण पर्यायी काम उभे राहीपर्यंत बिडी वळणारीची छाती कोण तपासणार, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

म्हणून राज्याच्या नियमांत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. पहिली, घरी वळणारीचे नाव ठेकेदाराच्या वहीत आणि त्या वहीची जबाबदारी ज्याच्या छापाने बिडी विकली जाते त्या मालकावर. दुसरी, वर्षातून एकदा छातीची, क्षयाची आणि रक्तक्षयाची तपासणी गावातच, मालकाच्या खर्चाने. विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, तेव्हा तीही चाचणी त्यात हवी. तिसरी, उद्योगाने रोजगाराचा जो आकडा सवलतीसाठी सरकारला दिला, तोच तपासणीसाठी धरावा.

आणि हरकतींची सुनावणी मुंबई-नागपुरातच का? एक सालेकशातही ठेवा. कचारगडच्या यात्रेत आरोग्य खात्याचे पथक येतेच. यात्रेकरूला दम लागला तर धावून जाणारी यंत्रणा बिडी वळणाऱ्या बाईच्या बारमाही खोकल्यापर्यंतही पोहोचू शकते. त्यासाठी आधी ती बाई कुणाची तरी कामगार आहे, हे नियमात लिहिले पाहिजे.